आईचं पेर किती सेंटिमीटर?

सतरापैकी चौदा वह्यांत एकच नोंद होती: भाताचा लगदा झाला.

मी कपाळाला हात लावला. बेडशाच्या जवळची छोटी जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग, आणि उपक्रम माझाच. घरच्या स्वयंपाकातून गणित आणि विज्ञान. मोठं माणूस चुलीपाशी उभं राहणार, मूल मोजणार, शिजवणार, लिहिणार. अपूर्णांक, प्रमाण, उकळणं, सगळं एका पातेल्यात. वर्कशीटवर मी ऐटीत छापलं होतं: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी.

"बाई, आमचा नवा इंद्रायणी हाय. त्याला एवढं पाणी लागत न्हाई," एका पोरीने मला समजावलं. दिवाळी नुकतीच झाली होती, घरोघरी नवं भात गिरणीतून भरडून आलं होतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो. मी पुण्यात वाढलेली, दुकानातला जुना कोलम खाणारी, आणि निघाले होते मावळात भात शिकवायला!

"मग घरी पाणी कसं मोजतात?"

सगळ्यांनी एक बोट वर केलं. पातेल्यात तांदळावर बोटाचं टोक टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी घालायचं. मी खूश झाले. आयता धडा मिळाला. म्हटलं, "उद्या प्रत्येकाने पट्टीने आईचं पेर मोजून आणा."

शाळा सुटली. कावेरी मात्र जागची हलली नाही. तिची आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, हे मला माहीत होतं. रोज तिची हजेरी घेत होते. तरी तोंडातून निघून गेलं. माझीच मला लाज वाटली.

"तू बाबांचं पेर मोज बाळा."

"बाबांनी कंदी भात केला न्हाई. आमाला काकीकडनं डबा येतो." मग खाली बघत म्हणाली, "बाई, मला एकदा आईसारखा भात खायचाय."

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकच्या पिशवीत एक गोवरी घेऊन आली. पोरं फिदीफिदी हसली. तिने लक्ष दिलं नाही. गोवरी टेबलावर ठेवली. थापताना उमटलेला पंजा त्यावर स्पष्ट दिसत होता, पाचही बोटं.

"आईनं थापलेली हाय. बाकीच्या समद्या जळाल्या. ही मी माळ्यावर ठिवलीवती."

मी पट्टी काढली. पेराची रेघ काही उमटली नव्हती, पण पूर्ण बोट मोजता आलं: सव्वासहा सेंटिमीटर. "आणि तुझं?" तिचं सहा. त्यातलं टोकाचं पेर दोन सेंटिमीटरचं, म्हणजे बोटाचा तिसरा भाग. मग सव्वासहाचा तिसरा भाग काढायचा, सोपं गणित. मी फळ्याकडे वळले, तर ती म्हणाली, "पन बाई, गोवरी वाळली की आकसती ना?"

वीस वर्षं नोकरी करून हे मला सुचलं नव्हतं. मग तिने स्वतःची एक गोवरी थापली आणि शाळेच्या भिंतीला आठ दिवस वाळत ठेवली. रोज मधल्या सुट्टीत जाऊन पट्टी लावायची. सहाचं बोट शेवटी पाचावर येऊन थांबलं. त्याच हिशेबाने आईचं सव्वासहाचं बोट मुळात साडेसात. त्याचा तिसरा भाग अडीच. आकडा आला तेव्हा तिने पट्टीवरचे अडीच सेंटिमीटर अंगठ्याने दाबून धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

दरम्यान केंद्रप्रमुखांचा फोन आला. हे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब.

"मॅडम, पेर हे एकक कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही सर. पण सेंटिमीटर आहे ना."

"शनिवारी घरभेटीला येतो. भात मोकळा झाला पाहिजे. इतर शाळांना फोटो दाखवायचेत."

शनिवारी आम्ही कावेरीच्या घरी जमलो. तिचे वडील दत्ताभाऊ टेम्पो चालवतात. त्या दिवशी खाडा करून शेगडीपाशी उभे होते. कावेरीने नवे तांदूळ धुतले, पट्टी उभी धरली आणि तांदळावर बरोबर अडीच सेंटिमीटर पाणी घेतलं.

झाकण काढलं आणि माझं तोंड उतरलं. गिजका भात. डाव उभा राहील इतका.

"माप चुकलंय मॅडम," साहेब म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला.

दत्ताभाऊंनी ताटलीत भात घेतला. एक घास खाल्ला. दुसरा घेतला, तो हातातच राहिला.

"न्हाई साहेब, माप बराबर हाय," ते म्हणाले. "नव्या तांदळाला पेराच्या अलीकडंच थांबायचं असतं. हिच्या आईला ते कधी जमलंच न्हाई. ती इंदापूरकडची, भाकरीच्या मुलखातली. दिवाळी झाली की दोन महिने आमी असाच भात खायचो. लय चिडवायचो तिला." मग हातात राहिलेला घास त्यांनी तोंडात घातला.

कावेरी वडिलांना चिकटून बसली आणि त्यांच्याच ताटलीतून जेवायला लागली. मला माझ्या आईची आमटी आठवली. तिची कृती माझ्याकडे लिहिलेली आहे, पण तिच्या चिमटीत मीठ किती मावायचं ते मी विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

साहेबांनाही थोडा भात वाढला. त्यांनी तो संपवला. निघताना मात्र वर्कशीटवर बोट ठेवलं. "शेवटचा रकाना रिकामा आहे. 'पुढच्या वेळी काय बदल करशील?' भरून घ्या."

मी कावेरीला पेन दिलं. "पाणी अर्धा सेंटिमीटर कमी घालीन, असं लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि लिहिलं: "काही नाही."

माप सगळ्यांना सारखं हवं, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. आता मोजायला सांगण्याआधी विचारते, कुणासारखं व्हायला हवंय?