परीक्षेचा पाला आणि आईचा डबा

मी अत्यंत कडक परीक्षक आहे. (हे माझं मत. दुसऱ्या कुणाकडून अजून ऐकलेलं नाही.)

त्यामुळे ताडकळसकडच्या एका कॉलेजातून वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बाह्य परीक्षक म्हणून पहिल्यांदाच बोलावणं आलं, तेव्हा तिथल्या कदम सरांना मी फोनवरच बजावलं, "ओळखायला ठेवायच्या वनस्पती मी स्वतः आणणार. पेपर फुटता कामा नये!" आदल्या दिवशी झरीच्या आमच्या शेतात बांधाबांधानं हिंडून पाच तणं मुळासकट उपटली: घोळ, पाथरी, तांदुळजा, केना आणि कुरडू. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी आंघोळीला जाता जाता आईला ओरडून सांगितलं, "आई, फ्रीजमधला पाला पिशवीत घाल गं!"

कॉलेजात कदम सरांनी पोहे, चिवडा, पेढे असा थाट मांडला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकाला खाऊ घालून मऊ करायची आपल्याकडे रीतच आहे. मी फक्त पाणी घेतलं. तेही अर्धा ग्लास! मग वीस विद्यार्थ्यांसमोर ऐटीत पिशवी उघडली. आत स्टीलचा डबा. डब्यात भाजी. वर लसणाची फोडणी!

मी कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला.

"आई, माझा पाला?"

"निवडला की! मुळ्या काढता काढता माझी कंबर मोडली. कालेजातल्या लोकायला बी वाढ."

कदम सरांना सगळं सांगावंच लागलं. माणूस मोठा सज्जन, हसला नाही. "काळजी करू नका सर, ह्या पाची आमच्या कंपाउंडातच हायत. शिपायाला पाठवतो. तवर तोंडी परीक्षा घ्या." (म्हणजे मी एवढं गुप्त ठेवलेलं तण पोरं रोज तुडवत होती!)

पहिली आली स्वाती. मी काहीही विचारलं तरी गप्प. कदम सर माझ्या कानाशी लागले, "लय हुशार हाय सर, नुसती भेलीय. घरात एवढं शिकणारी पहिलीच पोरगी."

तिच्या नावापुढं शून्य लिहायला पेन टेकवलं, पण हात चालेना. फार वाईट वाटलं. माझ्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं होतं. काय करावं कळेना, तेव्हा मी डबाच तिच्यापुढं सरकवला.

"बरं, ह्यात काय काय आहे ते सांग."

तिनं वास घेतला. चिमूटभर भाजी तोंडात टाकली. आणि पोरीची भीती पळाली! "घोळ, पाथरी, तांदुळजा, केना, कुरडू." प्रत्येकीचं कूळ, पान, फूल तिनं धडाधड सांगितलं. मी खूश होऊन गुण लिहिणार, तेवढ्यात म्हणाली, "आन् करडई."

"करडई नाहीये."

"हाय सर."

"अगं, मी स्वतः पाच वनस्पती उपटल्यात! आणि माझी पीएचडी करडईवर आहे! सहा वर्षं करडई कोळून प्यालोय मी!"

"आसंल सर. पण हाय."

आता प्रश्न शास्त्राचा होता. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा मी आईला पुन्हा फोन लावला. "आई, भाजीत पाचच पाले आहेत ना?"

"पाच कशानं? तुझा पाला शिजून मूठभर झाला, म्हून कोवळी करडई टाकली वाईच. का रं?"

"एक मुलगी म्हणतेय करडई आहे म्हणून."

"बरोबर म्हनायलीय की! आन् तू काय म्हनायलास?"

मी घाईघाईनं फोन बंद केला. वर्ग मात्र इतका हसला की शिपाई बाहेरून तण टाकून धावत आला. मग मीही हसलो, आणि पोह्यांची बशी पुढं ओढली.

स्वातीला मी तोंडी परीक्षेचे पूर्ण गुण दिले. माझा निकाल अजून लागायचा आहे. त्या दिवसापासून भाजीत काय काय आहे ते ओळखल्याशिवाय आई मला दुसऱ्यांदा वाढत नाही, आणि डॉक्टरसाहेब बहुतेक वेळा अर्धपोटीच उठतात.