लायब्ररीची बस आणि रावेतची पुस्तकं

फिरत्या लायब्ररीत काम केलं की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं निदान वाचक नेतात-आणतात, किस्से आपल्याकडेच राहतात. मी घरी पोचून चप्पल काढायच्या आत लेक विचारते, "आज काय झालं?"

आमची लायब्ररी म्हणजे एका कंपनीची रिटायर झालेली स्टाफ बस. मागच्या सीट काढून तिथे पुस्तकांचे रॅक बसवलेत. दत्ताभाऊ ड्रायव्हर बसबरोबरच आले. जन्मभर शिफ्टचे कामगार नेले-आणले, त्यामुळे हॉर्नही तसाच वाजवतात. चाकणला पहिल्याच दिवशी हॉर्न दिला आणि एक कामगार डबा घेऊन धावत आला, पुढच्या सीटवर बसला आणि झोपला! मी उठवलं. त्याने रॅककडे बघितलं, घड्याळ बघितलं. खरी बस यायला वेळ होता. म्हणाला, "आता बसलोच आहे तर द्या एखादं." आजही तो आमचा वाचक आहे, आणि त्याची सीट ठरलेली आहे.

*

रावेतची तऱ्हा वेगळी. तिथे बॅनर लावलेली गाडी दिसली की ती बिल्डरचीच समजतात. आम्ही बांधकाम मजुरांच्या लेबर कॅम्पशेजारच्या मोकळ्या जागेत बस लावली, तर जागेचे मालक आबा काठी घेऊन आले. "जागा इकायची न्हाई. किती येळा सांगायचं?"

मी त्यांना आत नेऊन पुस्तकं दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग दत्ताभाऊंवरच घसरले. "आरं, मग चिंचेखाली लाव की गाडी. पोरं उन्हात वाळवायची हायती व्हय?"

दर आठवड्याला आम्ही जायच्या आधी आबा चिंचेखालची जागा स्वतः झाडून ठेवायला लागले.

*

त्याच कॅम्पातल्या सुरेखाबाई. परभणीकडच्या, साइटवर वाळू-विटा वाहायच्या. त्यांनी नेलेली पुस्तकं परत आली ती सिमेंटच्या गोणीची कव्हरं घालून, दाभणाने शिवलेली. बघता बघता सगळ्या कॅम्पाने तेच सुरू केलं. आमचा एक रॅक सिमेंटच्या गोडाऊनसारखा दिसायला लागला. पण एका पुस्तकाचं पान सुटेल तर शपथ! मी येईल त्या पाहुण्याला आधी तो रॅक दाखवायचे.

*

लायब्ररी चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या सरांना मात्र काळजी. कॅम्पातली माणसं कधी उठून जातील नेम नाही, तेव्हा पुस्तकं बसमध्येच वाचू द्या, घरी देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. दिवसभर राबणाऱ्या बाईने बसमध्ये येऊन कधी वाचायचं? शेवटी सर म्हणाले, द्या, पण एकदा का पुस्तकं गेली की कॅम्पांचे सगळे स्टॉप बंद. मी कबूल केलं.

आणि पुढे एका आठवड्याला आम्ही रावेतला पोचलो तर इमारत पूर्ण, कॅम्पचे पत्रे उतरलेले. झाडलेल्या चिंचेखाली आबा एकटेच बसले होते. "गेली समदी," म्हणाले. पुस्तकंही गेली होती. मला फार लागलं. परतताना दत्ताभाऊंनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

*

बाकीच्या कॅम्पांवरची पुस्तकं गोळा करायला सर स्वतः बसमध्ये बसले. शेवटचा थांबा चाकणच्या पुढची एक नवीन साइट. तिथे आम्ही आधी कधी गेलो नव्हतो, पण रावेतची काही माणसं तिकडे गेलीत असं चाकणला बसमध्ये झोपलेल्या त्या डबेवाल्या वाचकाने सांगितलं होतं.

दत्ताभाऊंनी हॉर्न दिला. कोणी धावत आलं नाही. पत्र्याच्या शेडपाशी बायका, पोरं, दोन-चार गडी खाली बसून वाचत होते. हातात गोणीची कव्हरं. मधोमध सुरेखाबाई. मला तिथेच रडू आलं.

सर पुढे झाले आणि खोक्यावर ठेवलेलं एक पुस्तक त्यांनी उचललं. सुरेखाबाईंनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सरांना नीट न्याहाळलं.

"न्या की, साहेब. आमच्याकडं पैसे लागत न्हाईत," त्या म्हणाल्या. "फक्त आठवणीनं परत आणून द्या."