कागदाबाहेर काही ठरलंय का?

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, पक्षकार येताना सोबतच घेऊन येतात. आमचं धुळ्यातलं ऑफिस तर रजिस्ट्री कचेरीच्या अगदी समोर. घरं, दुकानं, प्लॉट, सगळ्यांची खरेदीखतं आमच्याकडे बनतात. म्हणजे मी बनवते, आणि माझे सिनियर नाना ती वाचून नाक मुरडतात.

नानांची एक सवय आहे. सगळं तयार झालं, सह्या करायला पक्षकार उठले, की ते चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "कागदाबाहेर काही ठरलंय का?" सगळे म्हणतात, नाही. दोन माणसं भिडेखातर एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. नाना मला नंतर सांगतात, "ज्याचं 'नाही' झटकन येतं ना सुनंदा, त्याचं नक्की काहीतरी ठरलेलं असतं."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, नानांनी ऑफिस विकायला काढलं. लेकीकडे नाशिकला जायचं म्हणाले. गिऱ्हाईक शेजारचेच कापडवाले प्रकाशशेठ. चहा पिताना नाना त्यांना माझ्यासमोर म्हणाले, "हिचं टेबल कोपऱ्यात राहू द्यायचं." शेठ म्हणाले, "त्यात काय विचारायचं, नाना?" झालं. माझी सगळी वकिली त्या कोपऱ्यावर उभी, आणि तो कोपरा एका चहावर उभा. मला तीन रात्री झोप नव्हती.

*

कारण एरंडोलचे आबा मी विसरलेले नाही.

आबांनी घर विकलं. मागच्या खोलीत त्यांची पिठाची गिरणी होती, ती आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिथंच राहील असं घेणाऱ्याशी बोलणं झालेलं. नानांनी विचारलं तेव्हा दोघंही "नाही" म्हणाले. खरेदीखतात नेहमीचं वाक्य होतंच, 'रिकामा ताबा आज दिला.'

दुसऱ्या दिवशी घराला नवं कुलूप, आणि गिरणीसकट सगळं सामान आत. आबा घामाघूम होऊन ऑफिसात. "नाना, बठ्ठा सामान मझार शे! तोच बोलना व्हता, ऱ्हाऊ द्या म्हणून."

नानांनी त्या माणसाला फोन लावला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "कुठली गिरणी, नाना? घर रिकामं मिळाल्याचं तर आबांनीच लिहून दिलंय."

कागदात एक लिहिलेलं असताना त्याच्या उलट तोंडी ठरलं होतं म्हणून कोर्टात सांगता येत नाही, हे मी आबांना परत परत समजावलं. गिरणी शेवटी भाऊबंदांनी मध्ये पडून सोडवली. आबा त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत.

*

पण कागद एखाद्या गोष्टीवर गप्पच असेल, तर तोंडी बोलण्याला थोडी जागा मिळते. हे मला दीपनगरच्या एका रिटायर्ड गृहस्थांच्या केसमध्ये कळलं.

त्यांनी घर घेतलं. विकणारा म्हणाला होता, गटाराची लाइन मी रस्त्यापर्यंत टाकून देतो. खतात त्याबद्दल अक्षर नाही. पुरावा म्हणून यांच्याकडे फक्त बायको, आणि तीही त्यांच्याच बाजूची. समोरचे वकील निवांत पेन फिरवत बसलेले. इकडे आमच्या पक्षकाराच्या अंगणात सांडपाणी साचून त्यांची नातवंडं आजारी पडत होती.

विकणारा साक्षीला उभा राहिला. नानांनी साधंच विचारलं, "गटार तुम्ही करून देणार होता?"

तो तावातावाने म्हणाला, "सांगितलं होतं. पण लिहून कुठं दिलं होतं?"

समोरच्या वकिलांनी पेन खिशात ठेवलं.

*

देवपूरच्या मास्तरीणबाई मात्र तोंडी बोलण्यावरचं नानांचं भाषण ऐकून इतक्या घाबरल्या, की त्यांनी सगळंच लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "विकणाऱ्या काकू शेजारीच राहणार आहेत. त्यांचे ज्वारीचे बिबडे-पापड आमच्याच गच्चीवर वाळतील असं ठरलंय. तेही घाला."

मी घातलं. रजिस्ट्रीतल्या क्लार्कने ती ओळ दोनदा वाचली आणि वर बघितलं. "हे काय आहे?"

नाना म्हणाले, "हक्क."

*

तर परवा आमच्याच ऑफिसचं खरेदीखत. मसुदा मीच टाइप केला. 'रिकामा ताबा' हे शब्द आले आणि बोटं थांबली. टेबलाचं घालावं, तर नानांच्या शब्दावर माझाच विश्वास नाही असं व्हायचं. नाही घातलं.

रजिस्ट्रीच्या दारात नंबर लागला. शेठ आत वळले. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"शेठ, कागदाबाहेर काही ठरलंय का?"

"नाही, नाना."

मला वाटलं, आता सही होणार. पण नाना माझ्याकडे वळले. "तुझं, सुनंदा?"

"नाही," मी म्हणाले. फार झटकन म्हणाले.

नानांनी चष्मा परत नाकावर घेतला. मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "रिकामा ताबा खोड. तुझं टेबल राहील असं लिही."

शेठ हसले. "नाना, टेबल राहील ना. मी बोललोय की. पण कागदात कशाला? उद्या मला दुकान वाढवायचं झालं, तर?"

आतून आमचा नंबर पुन्हा पुकारला. नानांनी माझ्या हातातला कागद परत घेतला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या खिशात टाकला.

"मग सौदाही तोंडीच राहू द्या, शेठ."