उजव्या हातातला चौथा आकडा

सोलापुरात पियानो शिकायला कोण येतं हो, असं मला लग्नाकार्यात हमखास विचारतात आणि मी हमखास चिडते. येतात की! तीस वर्षं झाली, माझ्या पुढच्या खोलीतला पियानो आठवडाभर कधी बंद राहिला नाही. उन्हाळ्यात पट्ट्यांना हात लावला तरी चटका बसतो, तरी येतात.

त्यातलीच ही मुलगी. तेरा वर्षांची, वडिलांचे टॉवेलचे माग, बोलणं कमी आणि कान असा तल्लख की मीच कधीकधी दचकायची. मोठी होऊन पियानोच वाजवायचा, दुसरं काही नाही, हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या परीक्षेला बसायची होती. दोन महिने उरले आणि तिचा उजवा हात दुखायला लागला.

मी आधी काय केलं असेल? ओरडले. "नखरे नकोत. सराव कमी पडतोय म्हणून दुखतंय." मग तिचं मनगट सुजलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच चाललं तर वाजवणं कायमचं सोडावं लागेल. तिचे वडील माझ्या दारात चपला काढून उभे राहिले.

"मॅडम, महिनाभर बगतो. न्हाय थांबलं तर बंद करू. पोरीचा हात ऱ्हायला पायजे की."

ती त्यांच्या मागे उभी होती. रडली नाही, पण उजवा हात पाठीमागे लपवला होता, कुणी काढून घेईल अशा भीतीनं.

त्याच आठवड्यात पुस्तक आलं. या वरच्या परीक्षेला वाजवायचा एक तुकडा आपला आपण निवडायचा असतो, आणि झेरॉक्स चालत नाही, छापील पुस्तकच समोर लागतं. तुकडा मी नेहमीप्रमाणे बाईंच्या पुस्तकातला दिला होता. बाई म्हणजे मला पियानो शिकवणाऱ्या. मागवाल्यांच्या घरातल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या, जन्मभर एकट्या. जाताना आपलं जुनं पुस्तक मला देऊन गेल्या, ही मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी. माझे सगळे विद्यार्थी त्याच्या झेरॉक्सवरून शिकले, झेरॉक्सच्याही झेरॉक्सवरून. मूळ पुस्तक मी घराबाहेर जाऊ देत नाही, म्हणून आता परीक्षेसाठी तिच्या वडिलांनी तेच संगीत दुसऱ्या प्रकाशकाचं, नवंकोरं मागवलं.

"हळू वाजव. दुखलं की थांब," असं सांगून मी चहा टाकायला आत गेले. दुपारचे चार वाजले असतील, पडदे ओढलेले होते. चहाला उकळी येत होती आणि बाहेरून तो तुकडा ऐकू येत होता. त्यात एका जागी बाई किंचित थांबायच्या, श्वास घेतल्यासारख्या, आणि पुढे जायच्या. मुलगी नेमकी तिथे थांबली. तेवढंच. नेहमीच थांबायची म्हणा. पण त्या दिवशी माझ्या मानेवर काटा आला.

मी दारात आले आणि जागच्या जागी थिजले. पट्ट्यांवर बाईंचा हात चालला होता. करंगळीशेजारचं बोट सरळ, ताठ, जरासं उचललेलं, आणि बाकीची चार बोटं त्याच्या वाटचं काम करत धावताहेत. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचं ते बोट तसंच असायचं, माझंही. त्याला मी मोठ्या दिमाखात आमचं वळण म्हणायची. पुण्याच्या परीक्षकांनी एकदा "हा हात कुठला?" असं विचारलं होतं, तेव्हा मी फुशारकीनं सोलापूरचा म्हणून सांगितलं होतं. आणि आज त्या कोवळ्या मनगटाला सूज, वर ते ताठ बोट. दुसऱ्याचा हात घातल्यासारखा दिसत होता.

"बोट असं धरायला कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच की, मॅडम."

मी शिकवलं नव्हतं. शपथेवर सांगते, त्या बोटाबद्दल मी जन्मात कधी कुणाला अवाक्षर बोलले नव्हते.

ती गेल्यावर दोन्ही पुस्तकं खिडकीत शेजारी शेजारी ठेवली. एकच संगीत दोन प्रकाशकांकडे दोन तऱ्हेचं असतं, हे काही मला नवीन नव्हतं. जुन्या काळचे संपादक फार अघळपघळ. इथे हळू, इथे जोरात, इथे पेडल, असं स्वतःच्या मनचं वाट्टेल तेवढं घालायचे. नवीन पुस्तकं त्या मानानं सोवळी, मूळ हस्तलिखितात असेल तेवढंच देणारी. स्वरांवरचे बोटांचे आकडेही बहुतेक वेळा संपादकानंच घातलेले असतात. अंगठा एक, करंगळीशेजारचं बोट चार, करंगळी पाच. तेव्हा आकड्यांत थोडा फरक असणारच, असं म्हणत मी चष्मा पुसला.

नव्या पुस्तकात उजव्या हाताला चारचे आकडे होते, जागोजाग. बाईंच्या पुस्तकात नव्हते. मी पान उलटलं. नाही. आणखी दहा पानं उलटली. एक, दोन, तीन, पाच. काही जुन्या इंग्रजी छापांत अंगठ्याला फुली असायची आणि आकडे चारवरच संपायचे, पण हे तसं नव्हतं, यात पाच होता. डाव्या हाताला चारचे आकडेही होते, हवे तेवढे. अख्ख्या पुस्तकात उजव्या हाताला एकही चार नाही. एकही!

मग मी पान उचलून उन्हात धरलं. जिथे जिथे चार असायला हवा, तिथे तिथे कागद ब्लेडनं खरवडलेला होता. त्या पातळ झालेल्या ठिपक्यांतून ऊन येत होतं. शेजारी पेन्सिलीनं बारीक तीन, नाहीतर पाच. इतकी वर्षं ते पांढुरके डाग बघून मी कसर लागली असेल म्हणून सोडून दिलं होतं. झेरॉक्सवर खरवड उमटत नाही, आणि छापील आकडा काय, पेन्सिलीचा काय, दोन्ही सारखेच काळे होतात. मुलांना ते सगळं छापीलच वाटणार.

मी कपाटातून माझी परीक्षांची पुस्तकं काढली, दरवर्षी नवी येतात ती. ती तर बाईंनी कधी पाहिलीही नव्हती. त्यांत उजव्या हाताच्या स्वरांवर पांढऱ्या शाईचे ठिपके होते, आणि त्यांवर माझ्या अक्षरात तीन आणि पाच. हे माझंच काम. "आपल्या हाताला बसत नाही, छापणाऱ्यांना काय कळतंय!" असं म्हणत म्हणत मी एकेक आकडा पुसत गेले होते, आणि दर वेळी तो चारच होता हे मला कधी दिसलं नव्हतं. भर दुपारी मला त्या खोलीत बसवेना. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी भवानी पेठेत बाईंच्या भाच्याकडे गेले. चादरींचं दुकान आहे त्यांचं. म्हटलं, बाईंच्या उजव्या हाताला काही झालं होतं का?

"आत्याच्या बोटाला व्हय? लहानपणी मागात घावलं होतं की. हाड जुळलं, पर बोट कदी वाकलंच न्हाय. तिला इचारलेलं खपायचं न्हाय बगा. लई मानी होती." त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. "तुमचं बी तसंच हाय की. तुमचं कशात घावलं?"

चहा तसाच ठेवून मी उठले.

त्या दिवसापासून मुलीला नव्या पुस्तकातल्या आकड्यांवर बसवलं. पहिले चार दिवस ते बोट खाली उतरेचना. मी धरून पट्टीवर टेकवायची, सोडलं की परत वर. "मॅडम, हे माझं नाहीये असं वाटतं," ती एकदा घाबरून म्हणाली. मी दरडावून म्हटलं, "तुझंच आहे! दुसऱ्या कुणाचंही नाही." आवाज माझाच कापत होता. दोन आठवड्यांनी बोट उतरलं. तिसऱ्या आठवड्यात सूज गेली. ती जागा आली तरी ती आता थांबत नव्हती, सरळ पुढे जात होती. ती पुण्याला जाऊन वाजवून आली, आणि पियानो बंद करायचं नाव तिच्या वडिलांनी पुन्हा काढलं नाही. माझं बोट मात्र अजून उतरत नाही. रोज बसते, उतरत नाही.

आणि मग मला आधीची एक मुलगी आठवायला लागली. हिच्यासारखीच होती, खरं तर हिच्याहून सरस. तिचाही हात दुखायचा. "तुझ्यात जिद्दच नाही," असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि ती परत कधी आली नाही. ती आता बार्शीत असते, शाळेत शिकवते. मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. चौथ्यांदा लावला. बाईंचं बोट, खरवडलेली पानं, माझी पांढरी शाई, सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"एवढी वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला घरीच थोडी पेटी शिकवते. ती ते बोट वर धरते. मला वाटायचं, किती छान, आपोआप आलंय. काल म्हणाली, आई, हात दुखतोय."

"आज तिला पेटीला बसवू नकोस," मी म्हणाले. "मी निघालेय."