ओठांपुढे कागद धरणारी

गेल्या मंगळवारी सकाळी अकराला, तपासणी शिबिरात, रिठदच्या एका मजूर बाईवर अन्याय झाला. लकव्यानं तिची वाचा गेलेली. कागदावर शेरा पडला : "समज नाही." असा शेरा पडला की वाचा-उपचार बंद, थेट घरी रवानगी.

शेरा लिहिणारी पोरगी हेच उपचार शिकत होती. मी मागे रांगेत बसून हे पाहत होतो, तिचं नाव विचारलं नाही. तिनं पियानो, टोस्टर, बर्फातलं घर अशी चित्रं मांडली होती आणि बाईनं सांगितलेल्या एकाही चित्रावर बोट ठेवलं नव्हतं. पुढच्या पेशंटला हाक मारता मारता पोरगी थांबली. पेनाचं टोपण चावत त्या चित्रांकडेच बघत राहिली. मग चित्रं पालथी घातली आणि बाईच्याच पिशवीतला चष्मा, रुमाल, तंबाखूची डबी टेबलावर मांडली. ओठांच्या हालचालीवरून इशारा जाऊ नये म्हणून स्वतःच्या ओठांपुढे कागद धरला.

"माय, डबी द्या."

बाईनं डबी उचलली आणि सरळ पदराखाली घातली.

बाईसोबत आलेली सून हसली. "समजत नाही म्हणे! माल लपवून राह्यली पाहा!"

"कायले वेळ घालवता? शेरा झाला ना?" पोरीचे साहेब ओरडले.

"सर, मी तपासायच्या आधीच ठरवून बसले होते. चूक माझी आहे, मायची नाही." तिनं शेरा खोडला आणि बाईचं नाव उपचाराच्या यादीत घातलं.

प्रत्येक शिबिरात ही पोरगी नसते. तुमच्या माणसाच्या कागदावर असा शेरा पडला, तर खुर्चीवरून उठू नका. कशावरून लिहिलं ते विचारा, आणि तुमच्यासमोर पुन्हा तपासायला लावा.