उपसलेली विहीर

स्नेहलला राग आला की ती गप्प बसते आणि मला आला की मी बोलते, म्हणून तिची हकीकत मी सांगते आहे. ती बीदरच्या एका कार्यालयात भूजलाचं काम पाहते, मी त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत तिच्या बाटल्या तपासते. राहायला दोघी मैलूरलाच. चार बुकं शिकलेल्या माणसाला या देशात किती सहन करावं लागतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

गेल्या वर्षी तिला पार्वतीबाईंचा फोन आला. कोहिनूर गावाच्या पुढे हमरस्त्याला लागून आणखी एक गाव आहे. चढावर पेट्रोल पंप, उतारावर बौद्ध वस्ती आणि वस्तीची स्वतःची विहीर. पार्वतीबाई त्या वस्तीतल्या. त्या पाण्याला पेट्रोलचा वास येत होता. वरणाला येत होता, धुतलेल्या कपड्यांना येत होता आणि आंघोळ झाली की नातीच्या अंगावर पुरळ उठत होतं. पाणी तपासून द्या, एवढंच बाईंचं म्हणणं.

पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. ती गंजून गळू लागली तर वर कुणाला पत्ता लागत नाही. पेट्रोल मुरमातून झिरपत जातं, पाण्याला लागलं की त्यावर तरंगतं. म्हणून नमुना न ढवळता वरच्या थरातूनच घ्यायचा, काचेची बाटली गळ्यापर्यंत भरायची आणि बर्फात घालून आणायची. स्नेहलनं हे सगळं नीट केलं. बाटलीत निघालं काय, तर ब्लीचिंग पावडर. भीमजयंती तोंडावर होती आणि जयंतीआधी वस्तीवाले विहीर उपसून, धुऊन काढतात. दैव आडवं आलं म्हणून आम्ही गप्प बसलो.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा गेली. नमुना घेताना पंपवाला आणि पंचायत दोघंही हजर पाहिजेत, म्हणून आधी कळवावंच लागतं. विहीर पुन्हा लख्ख. काठावर रांगोळीसुद्धा होती. पंपवाला पांढऱ्या बुटांत येऊन हसत उभा राहिला आणि मॅडमना थंड पाजा म्हणाला. मग पंपाजवळची माती तरी तपासू द्या, असं स्नेहलनं साहेबांकडे मागितलं. साहेब म्हणाले, पाणी खराब निघाल्याशिवाय दुसऱ्याच्या जागेत खोदायची परवानगी देता येत नाही. आणि खराब पाणी तर दर वेळी आमची वाट बघून उपसलं जात होतं. मला त्या दिवशी प्रयोगशाळेतली एखादी बाटली फोडावीशी वाटली. स्नेहल डबा उघडून निमूट जेवली.

तिसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर गेले. दोर अजून ओले, पायऱ्यांवर चुन्याचे ताजे ठसे. पार्वतीबाई आमच्याकडे बघेनात. वास गेला आता, म्हणाल्या, उगं तुम्हाला तरास दिला. त्यांच्या मागे नात मानेवर खाजवत उभी होती. माझं डोकं फिरलं. तुमच्याच लेकरांसाठी आम्ही हेलपाटे घालतोय आणि तुम्हीच पुरावा धुऊन टाकता, असं मी तोंडाला येईल तसं बोलले. पंपवाल्यानं यांचे खिसे भरले असतील, असंही माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू.

पारावर रामराव बसले होते. वस्तीतले सगळ्यांत म्हातारे. स्नेहल त्यांच्या शेजारी जाऊन खालीच बसली आणि हळूच विचारलं, "आप्पा, हीर कामून उपसायलाव? कोण सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. मीच सांगतो पोरांला." रामराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या आजीला इचार, गावच्या हिरीवर आम्हाला किती लांब हुभं करायचे ते. आमी शिवलो की पाणी बाटायचं. मग माझ्या बापानं पहार घेतली अन् ही हीर खांदली. मी टोपल्यानं माती वाहिली. आता त्याच गावाम्होरं, पंचायतीम्होरं, आमीच म्हणावं का, आमचं पाणी नासलंय म्हून?"

स्नेहलची आजी औरादकडची. तिनंही तसंच लांब उभं राहून पाणी घेतलं होतं. स्नेहल कधी नव्हे ती चिडून बोलली. "नासलं न्हाई आप्पा, नासवलंय. वरून. तुम्ही धुतलाव की त्या पंपवाल्याचंच पाप धुऊन निघायलंय." मग तिनं नातीला पुढे ओढून तिची मान रामरावांना दाखवली.

रामरावांनी त्या पुरळावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "या मग. न्हाई उपसत."

पुढच्या खेपेला विहिरीत सोडलेली नमुन्याची नळी वर आली तेव्हा पाण्यावर बोटभर पिवळसर थर होता. मातीचीही परवानगी मिळाली आणि पंपाच्या भिंतीलगतचा मुरूम हातात घेतला तरी नाकाला झोंबत होतं. आम्ही जिंकलो, असं मी परतीच्या वाटेवर म्हणालेसुद्धा.

काय जिंकलो ते ऐका. पंपवाल्यानं वकील केला. ती एक टाकी बंद झाली, पंप दुसऱ्या टाकीवर जोरात चालू आहे. टँकर येतो, पण आधी गावात आणि उरलं तर वस्तीत. पंचायतीनं मात्र एक काम झटपट केलं. विहिरीवर लाल पाटी ठोकली: हे पाणी पिऊ नये. पंपावर काही नाही. रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला एवढंच कळतं की वस्तीचं पाणी घाण आहे.

पाटी बघून स्नेहल उपटायलाच धावली. रामरावांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लेकरं पितील."

ती तशीच उभी राहिली आणि रडली. रागानं रडली, मी इतकी वर्षं तिला ओळखते, असं कधी पाहिलं नव्हतं. रामराव घरात गेले आणि जयंतीच्या कमानीसाठी आणलेला निळा रंग घेऊन आले.

"खाली ल्ही," ते म्हणाले, "कुणामुळं ते."

स्नेहलनं लिहिलं, कन्नडमध्ये आणि मराठीत. डबा रामरावांनी धरला होता. सरकारी पाटीवर लिहिल्याबद्दल तिची चौकशी चालू आहे.