प्लास्टिक कानाने ओळखणारी बाई

आमचे हे तळोज्याच्या बाजूला एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात. लग्नानंतर मी कोळशाविषयी जेवढं ऐकून घेतलंय, तेवढं कुणी माझ्या माहेराविषयी ऐकून घेतलेलं नाही. मध्यंतरी त्या कोळशाच्या जोडीला कचरा आला. कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांनी त्यातला काही हिस्सा कमी करून तिथे कचऱ्यापासून केलेलं इंधन वापरावं, असं सरकारचं धोरण. शहरातला सुका कचरा निवडायचा, वाळवायचा, बारीक कातरायचा. मग कागदोपत्री तो कचरा राहत नाही, इंधन होतो. साहेबांनी तो कागद ह्यांच्या हातात ठेवला आणि त्या कागदाबरोबर आमच्या जेवणाच्या टेबलावर एक बाई आली.

तिथे कचरा निवडायच्या शेडमध्ये आठ-दहा बायका काम करतात, त्यांची ती मुकादम. गव्हाणची. पूर्वी करंजाहून सुकी मासळी आणून विकायची. एवढं सगळं मला तिला न बघताच पाठ झालं होतं, कारण हे रोज संध्याकाळी पहिला घास घ्यायच्या आधी सुरू करायचे, "आज ती बाई काय म्हणाली माहितेय?"

त्याचं असं होतं की या इंधनात पीव्हीसी येऊन चालत नाही. त्यातल्या क्लोरीनचं भट्टीत आम्ल होतं, ते बॉयलरच्या नळ्या खातं, आणि धूरही विषारी होतो. म्हणून असलं प्लास्टिक आधी वेगळं करण्यात यावं. सरकारी मराठीत सगळं असं 'करण्यात यावं' असतं, कुणी करावं ते वाक्यात कुठेच नसतं. तर ते करणारी ही बाई. हातातला तुकडा कानाशी नेऊन चुरगळायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, हा जाळायचा, हा नाही. ह्यांना त्याचं कोण कौतुक! बॉयलर तिकडे होता, पण जळत होते मी इकडे.

सांगूनच टाकते. ती दिसायला कशी आहे, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या पोटात दुखायचं ते एवढ्यासाठी की, प्लास्टिकचं सगळं हे तिला विचारायचे. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेय, तेही फर्स्ट क्लासमध्ये. लग्न ठरलं आणि एम.एस्सी.चा फॉर्म तसाच राहिला. त्याला आता बावीस वर्षं झाली. आणि हा माणूस मला पोळी लाटताना समजावून सांगत होता, "क्लोरीन म्हणजे काय असतं बघ, एक प्रकारचा वायू." मी हूं म्हटलं आणि पोळी करपवली.

मग मीही इरेला पेटले. ओला, सुका, सॅनिटरी आणि औषधं-बल्ब असलं जपून टाकायचं, असे चार डबे केले. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायला लागले. आमच्या अख्ख्या खांदा कॉलनीत असा कचरा कुणाचा नसेल. ह्यांचं लक्ष गेलं ते आठवड्याने. म्हणाले, "छान केलंस. त्या बाईला दाखवायला पाहिजे."

त्या दिवशी मी ठरवलं, हिला एकदा तरी चुकलेली बघायची. हे कामावर गेल्यावर जुन्या चार्जरची वायर सोलून तांब्याची तार काढली. पकडीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बघितलेला तोच हिरवा रंग. क्लोरीन असेल तरच येतो. मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. हिचा कान किती ऐकणार? दहात एक तरी चुकेलच.

रविवारी ह्यांना म्हटलं, "मलाही दाखवा की तुमची ती बाई." हे बिचारे खूश झाले. पर्समध्ये तार आणि पकड घेऊन मी गाडीत बसले.

बाई माझ्याच वयाची निघाली. कपाळावर घाम, साडीवर मोठा शर्ट, हातात मोजे. कानाशी न्यायच्या वेळी तेवढा एक मोजा काढायची. "वयनी, या. वास येल जरा," म्हणाली आणि मला बसायला खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. म्हटलं, तुम्ही निवडलेलं तपासायचं आहे. तिला त्यात काही वाटलं नाही. "तपासा ना. आमी कानानं वलखतो, चुकत बी असू," म्हणाली.

शेडबाहेर चहाचा छोटा गॅस होता. तिने बाद केलेल्या ढिगातले पाच तुकडे मी घेतले आणि पास केलेल्यातले पाच. सगळ्या बायका भोवती जमल्या. बाद केलेल्या पाचही तुकड्यांनी ज्योत हिरवी केली. पास केलेल्यांनी एकदाही नाही. मी आणखी चार घेतले, मुद्दाम फसवे, एकसारखे दिसणारे. त्यातही तिचंच बरोबर निघालं. हे टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते. म्हणाले, "बघितलंस? मी सांगत नव्हतो!" तिच्या हुशारीची पावती मी माझ्या हाताने, माझ्या डिग्रीनिशी फाडून दिली होती.

ती मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती ज्योतीकडे बघत होती. दुसरा मोजाही काढून ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"वयनी, ह्यो हिरवा रंग कशानं आला? मना सांगाल काय?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बावीस वर्षांत मला असं कुणी काही विचारलं नव्हतं. तांबं आणि क्लोरीन, दोन वाक्यांचं काम.

"ते तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. उठली, मोजे घातले आणि कामाला लागली. चहा आला, तो मी उभ्यानेच घेतला.

परतताना सिग्नलला गाडी थांबल्यावर ह्यांनी विचारलं, "तो रंग कशाने येतो गं? का मलाही नाही कळायचं?"

मी सांगितलं. घर येईपर्यंत सांगत होते. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि त्यांना सगळं कळलं. कळायला त्यात अवघड असं काही नव्हतंच. तिलाही कळलं असतं.